दिलेल्याचा हिशेब

जें यंत्र हिशेबाला चोख, तें न्यायालाही चोख, असा माझा कालपरवांपर्यंत समज होता.

गेल्या उन्हाळ्यांत हिंजवडीच्या आमच्या घराच्या गच्चीवर तीन किलोवॅटचीं सौर पॅनेलें बसलीं. निरभ्र दिवशीं सुमारें बारा युनिट वीज मिळते. घरांत न लागणारी वीज बाहेर तारांवर जाते. तिची बिलांत वजावट मिळण्याची सोय महाराष्ट्रांत २०१५ च्या नियमांनीं झाली. मात्र त्यासाठीं नेट मीटर लागतो. तो येण्यापूर्वींच आम्हीं उतावीळपणानें यंत्रणा जुन्या मीटरवर चालू केली, आणि महिनाअखेर बिल उतरण्याऐवजीं वाढलें!

जाणकारानें कारण सांगितलें. वडिलांच्या काळचा चकतीचा मीटर असता, तर वीज बाहेर जातांना चकती बहुधा उलटी फिरली असती. मागाहून आलेल्या आमच्या इलेक्ट्रॉनिक मीटरला मात्र दिशेचा भेद कळत नव्हता. दिलेलें युनिटही तो घेतलेलें म्हणूनच मोजीत होता.

सर्वजण हंसले. भाजी निवडीत बसलेल्या काकू तेवढ्या सहज म्हणाल्या, "त्यांत नवल काय? माणसांचे मीटरही असेच असतात."

मीं मान खालीं घातली. चाळीस वर्षें त्यांनीं या कुटुंबाचीं बाळंतपणें, आजारपणें निस्तरलीं, आणि आदल्याच दिवशीं मीं पाहुण्यांस मोठेपणानें सांगितलें होतें, "काकूंना आम्हीच सांभाळतों."

पुढें नेट मीटर आला, बिल उतरलें. कोणी विचारलें, तर आतां मी सांगतों, "आम्ही काकूंकडे राहतों."