बांध नक्की कुठे आहे?

कर्नेलच्या मेमरी अ‍ॅलोकेटरवर मराठीत लिहायचं म्हणजे जरा धाडसच. पण गेले तीन आठवडे डोक्यात दुसरं काही नाहीये, तेव्हा सहन करा मंडळी :)

लिनक्स कर्नेलमध्ये एखाद्या ड्रायव्हरला मेमरी हवी असली की तो केमॅलॉककडे मागतो. समजा १३० बाइट मागितले. केमॅलॉककडे तुकडे ठरावीक मापांचे असतात... ६४, ९६, १२८, १९२, २५६ असे. १३० चं माप नाही, म्हणून हातात येतो १९२ चा तुकडा. उरलेले ६२ बाइट पडीक.

कोणी हद्दीबाहेर लिहिलं तर कळावं म्हणून स्लब अ‍ॅलोकेटरमध्ये डीबगची सोय आहे. ती चालू केली की तुकड्याच्या कडेला ठरलेल्या बाइटची पट्टी भरली जाते, तिचं नाव रेडझोन. तुकडा वापरात असेल तर त्यात सीसी, मोकळा असेल तर बीबी (हे हेक्समधले आकडे, बरं का). तुकडा परत आला की पट्टी तपासायची. बिघडलेली दिसली म्हणजे कोणीतरी बांध कोरलाय. शेतीची भांडणं बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

गंमत अशी की केमॅलॉकच्या बाबतीत हा बांध कित्येक वर्षं १९२ वर होता. जमीन दिली १३० गुंठे, बांध मात्र १९२ व्या गुंठ्यावर! मधल्या ६२ मध्ये नांगर घाला, पेरा, काहीही करा, तपासणीला पत्ताच नाही.

मग बांध सरळ १३० वर का नाही आणला? एक तर मुळात किती मागितले होते हे कुठे लिहूनच ठेवलेलं नसायचं. दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. केएसाइझ नावाचं एक फंक्शन आहे, त्याला विचारलं की तुकडा खरा केवढा आहे ते सांगतं. म्हणजे तलाठीच कानात सांगणार, "कागदावर १३० आहे, पण जागा १९२ आहे हो!" नेटवर्कच्या कोडमध्ये हे ऐकून उरलेली जागा राजरोस वापरली जायची. तिथे बांध आत सरकवला असता तर रोज खोट्या तक्रारी आल्या असत्या, आणि खोट्या तक्रारी देणारी तपासणी लोक आठवड्याभरात बंद करून टाकतात.

२०२२ मध्ये हे दोन्ही बाजूंनी सुधारलं. फेंग तांग यांच्या पॅचेसनी मागितलेला आकडा डीबगच्या माहितीत साठवायला सुरुवात केली आणि रेडझोन तिथपासून धरला. केस कुक यांनी, पूर्ण माप वापरायचं असेल तर आधीच गोल करून तेवढं मागा, असं वळण लावलं. तरीही ज्या तुकड्याबद्दल केएसाइझ विचारलं जातं त्याच्यापुरती ही नवी तपासणी सोडून दिली जाते. आणि एक खाचखळगा: आकडा साठवायला यू पर्याय लागतो. नुसता रेडझोनचा झेड दिलात तर बांध जुन्याच जागी!

आता आमच्याकडची गोष्ट. आमचा एक स्टोरेज ड्रायव्हर आहे. जुन्या कर्नेलवर तीन वर्षं रात्रीच्या टेस्टमध्ये स्वच्छ. नव्या कर्नेलवर चढवला आणि पहिल्याच तासात लॉगमध्ये 'केमॅलॉक रेडझोन ओव्हररिटन'. मीटिंगमध्ये पहिली प्रतिक्रिया काय? "नव्या कर्नेलने आपला ड्रायव्हर मोडला." दुसरी त्याहून भारी... "टेस्टमधून तो पर्याय काढून टाकूया का?"

रिपोर्ट तुकडा परत करताना येतो, लिहिताना नाही. त्यामुळे चोर तिथे उभा नसतो. पण यू पर्यायामुळे तुकडा कोणी मागितला त्याचा पूर्ण माग छापला जातो. तो धरून मी आणि शेजारच्या टीममधला एक जण दीड दिवस बसलो. ड्रायव्हर १३० मागत होता आणि शेवटी चार बाइटचा चेकसम १३० च्या पुढे लिहीत होता. पडीक जमिनीत. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

पण पुढच्या रिलीजमध्ये तेच स्ट्रक्चर १९० बाइटचं होणार होतं. १९० अधिक चार, म्हणजे दोन बाइट तुकड्याबाहेर. डीबग बंद असलेल्या ग्राहकाच्या मशीनवर तिथे रेडझोन नसतो, शेजारचा तुकडा असतो. त्यात काय असेल? कोणाचा पॉइंटर असेल, किंवा एखाद्या दवाखान्याच्या बॅकअपचा भाग. हे फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा पर्याय काढायची भाषा थांबली.

केएसॅन वापरलं असतं तर हे आधीच सापडलं असतं. २०१५ पासून ते कर्नेलमध्ये आहे आणि मागितलेल्या मापावरच पहारा देतं. पण त्याला वेगळा बिल्ड लागतो, आठवा हिस्सा मेमरी नुसती हिशोबाला जाते आणि सगळं मंदावतं. आमच्या रात्रीच्या टेस्टला ते कधी परवडलंच नाही.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. ग्राहकांकडे असलेल्या जुन्या रिलीजला ती द्यायची का यावर मात्र एकमत नाही. तिथे १३० च आहे, नुकसान शून्य, असं वरच्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. जुन्या कर्नेलवरची टेस्ट अजूनही हिरवी येते आणि तेच पुरावा म्हणून दाखवलं जातं!

असो. तुकडा जागच्या जागी वाढवणाऱ्या केरीअलॉकच्या रेडझोनचं काम कर्नेलमध्ये २०२४ साली झालं, आणि ते वापरणारे आमचे अजून दोन ड्रायव्हर तपासायचे राहिलेत. सोमवारी त्यांना हात घालतोय.