फासा तरी टाकू द्या

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना आमच्या टेबलावर राक्षसांशी झाल्या नसतील तेवढ्या लढाया 'काउंटरस्पेल' या एका मंत्रावरून झाल्या आहेत. समोरचा मंत्र टाकत असतानाच तो मोडायचा, एवढंच त्याचं काम. पण त्याचा कोणता नियम पाळायचा यावरून आम्ही अख्खा रविवार भांडलो.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये आला. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम, होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि बेत फसला की जमला ते फासे ठरवतात. जादूगाराची ताकद मोजून मिळते. पाचव्या लेव्हलला 'फायरबॉल'सारख्या तिसऱ्या पातळीच्या मंत्रांसाठी त्याच्याकडे दोनच स्लॉट असतात.

२०१४ च्या नियमात तिसऱ्या किंवा त्याखालच्या पातळीचा मंत्र काउंटरस्पेलने थेट रद्द. फासा नाही, काही नाही. वर तुमचा स्लॉटही गेला.

आमच्यातली एक मैत्रीण जादूगार खेळते. मुळात अबोल. आम्ही सहा जण, त्यामुळे लढाईत तिची पाळी वीसेक मिनिटांनी यायची. ती म्हणणार "फायरबॉल", डीएमचा दुष्ट जादूगार म्हणणार "काउंटरस्पेल". संपलं! तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा ती म्हणाली, "मी आले नसते तरी काय फरक पडला असता?" पुढच्या रविवारी ती आलीच नाही.

त्याच रविवारी आम्ही भांडलो. २०२४ च्या सुधारित नियमात ज्याचा मंत्र मोडायचा त्याला फासा टाकून तो वाचवायची संधी मिळते. वाचला नाही तर पाळी जाते, पण स्लॉट शिल्लक राहतो. समजा, १५ गाठायचे आहेत आणि तुमच्या शरीरबळाचे २ मिळतात. मग वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे ४० टक्के संधी.

आमच्यातल्या दुसऱ्या जादूगाराला हे पटेना. "अरे, मी माझा स्लॉट खर्च करून मंत्र मोडतो, तरी खात्री नाही? दणकट राक्षसापुढे तर माझा मंत्र वायाच!" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण शत्रूनं मोडलेल्या मंत्राचं काय, हे विचारल्यावर तोही जरा गप्प झाला.

कुणीतरी तोडगा काढला, जुनाच नियम ठेवू, फक्त तिचा मंत्र कुणी मोडायचा नाही. मला लगोरीतला लिंबूटिंबू आठवला. तो कधी आऊट होत नाही, पण त्याला खेळाडू म्हणून कुणी मोजतही नाही. तिला सवलत नकोच होती. तिला हवा होता तिच्या हातात एक फासा. मला वाटतं, खेळातला बॅलन्स म्हणजे सगळ्यांची ताकद सारखी करणं नव्हे. आपल्या पाळीला आपण काहीतरी करू शकतो, एवढा भरवसा प्रत्येकाला असला की पुरे.

शेवटी नवा नियम दोन्ही बाजूंना लागू झाला. तिला फोन केला, ती आली. पहिल्याच लढाईत पुन्हा काउंटरस्पेल! तिनं फासा टाकला. पडले ६. मंत्र मोडला. तिनं कागदावरच्या शिल्लक स्लॉटवर बोट ठेवलं आणि डीएमकडे बघून म्हणाली, "थांब, माझी पाळी येऊ दे परत."