वर जाणारा पूल

रेल्वेच्या फाटकापाशीं बैलगाडी थांबते, मोटार थांबते. आगगाडी मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. परंतु अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यांत, पोर्टलंड शहरीं, विलामेट नदीवर एक पूल असा आहे कीं, तेथें जहाजासाठीं आगगाडीस थांबावें लागतें. त्याचें नांव ‘स्टील ब्रिज’.

हा पूल इ. स. १९१२ मध्यें खुला झाला. वॅडेल व हॅरिंग्टन या स्थापत्यविशारदांनीं त्याची आखणी केली. पूल दुमजली आहे : खालून आगगाडी जाते, वरून रस्ता. दोन मनोऱ्यांमधील २११ फूट लांबीचा भाग सरळ वर उचलला जातो. नदी उतरलेली असतां खालचा मजला पाण्यापासून अवघा सुमारें २६ फूट उंच असतो. लहान जहाज आलें कीं तो एकटाच सुमारें ४६ फूट वर सरकतो आणि वरच्या मजल्यावरील रहदारी अखंड चालूं राहते. उंच जहाज आलें म्हणजे मात्र दोन्ही मजले चढतात व सुमारें १६३ फूट वाट मोकळी होते.

एवढें पोलाद कोणत्या बळानें उचललें जातें? तोलाच्या. मनोऱ्यांच्या माथ्यावरील चाकांवरून पोलादी दोर गेले आहेत. त्यांच्या एका टोकास पूल, तर दुसऱ्या टोकास जवळजवळ तितक्याच भाराचीं वजनें. समतोल तराजू बोटाच्या स्पर्शानेंही हलतो. त्याप्रमाणें येथें यंत्रास सारा भार उचलावा लागत नाहीं, घर्षण व वारा यांवर मात केली कीं पुरे. वॅडेल यांनीं ही युक्ति १८९४ मध्यें शिकागोच्या हॅल्स्टेड रस्त्यावरील पुलांत सिद्ध करून दाखविली होती.

पूल चढूं लागला कीं सर्वांची दृष्टि त्याच्याकडे जाते. त्याच वेळीं तीं वजनें मुकाट्यानें खालीं उतरत असतात. तिकडे कोणी पाहत नाहीं. यंदा शाळा सोडून जातांना आम्हांस हीच गोष्ट वारंवार आठवते. आमच्या फीसाठीं घरीं कोणाचें नवें लुगडें राहून गेलें, कोणाचा चष्मा पुढच्या महिन्यावर गेला, हें आम्हीं पाहिलें आहे. आम्ही चढलों तें केवळ आमच्या बळावर नव्हे.

जहाज निघून गेलें कीं पूल पुन्हां खालीं येतो, आणि तो येतां येतां तींच वजनें वर चढतात. आम्हांसही असें खालीं येतां यावें, एवढीच प्रभूपाशीं प्रार्थना.