तळ्याचं पान आधी काढू नकोस

निपाणी

चि. मुक्ता,

तू ॲम्स्टरडॅमहून पाठवलेलं बार्बरा स्टोकचं ‘व्हिन्सेंट’, चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगवरचं चित्रकथेचं पुस्तक, मिळालं. आपल्या माजघरातलं तळ्याचं चित्र कुणाचं, आणि त्या माणसाची गोष्ट अशीच चित्रांतून सांगता येईल का, असं तू विचारलंस. ती आबालाल रहिमान यांच्या चित्राची छापील प्रत आहे. तुझ्या आजोबांनी कोल्हापुरातून आणलेली.

आबालाल कोल्हापूरचे, म्हणजे आपल्या निपाणीहून तासाभराच्या वाटेवरचे. मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकले, व्हाइसरॉयचं पदक मिळवलं. तिथंच राहिले असते तर पैसा आणि नाव दोन्ही मिळालं असतं, पण ते गावी परतले आणि कोटितीर्थ तळ्याच्या काठी फकिरासारखे राहिले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार केलं. 6 मे 1922 रोजी महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली हजारो चित्रं तळ्यात बुडवली, असं कोल्हापुरात अजून सांगतात. 1931 मध्ये तेही गेले.

तू काढायला बसलीस की हात आधी त्याच पानाकडे जाईल. व्हिन्सेंटचा कापलेला कान जगाला पाठ आहे, तसं आमच्याकडे हे तळं. लोक लगेच वेड म्हणतात, विरक्ती म्हणतात. मला दोन्ही पटत नाही. आधी त्यांचं काम दाखव. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा. तेच पाणी, पण सकाळचं वेगळं, उन्हं उतरतानाचं वेगळं. स्टोकनं हे ओळखलंय. तिच्या पुस्तकात आजाराचे झटके येतात, पण शेतात बसून रंगवणारा व्हिन्सेंट आपल्याला आधी भेटतो. आणि थिओ भेटतो. भाऊ पैसे पाठवत राहिला म्हणून ती चित्रं झाली. दोघे भाऊ गेल्यावर थिओच्या बायकोनं, योहानानं, चित्रं सांभाळली आणि 1914 मध्ये पत्रं छापली.

आबालालांच्या गोष्टीत महाराजांना थिओची जागा दे. पाठीशी उभा असलेला माणूस गेला, आणि मागं योहानासारखं कुणी नव्हतं. हे आधीच्या पानांत नीट आलं, तरच तळ्याकाठचा म्हातारा वाचणाऱ्याला वेडा वाटणार नाही.

रेषेसाठी आपल्या बेळगावच्या रवी परांजपेंची चित्रं बघ. के. बी. कुलकर्णी मास्तरांच्या हाताखाली तयार झालेला हात आहे तो.

सुट्टीत आलीस की कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आबालालांची मूळ चित्रं बघायला जाऊ. तोवर बाकीची पानं काढ, तळ्याचं राहू दे.

तुझी,
मावशी