काकूंची दुपार

महिंद्राचा कारखाना 2010 साली उभा राहिला. त्याआधी आमच्या निघोजे गावात अंगणवाडी कधी भरायची ते रानातल्या कामावर ठरायचं. कांद्याच्या काढणीत बाया उजाडताच शेतात जायच्या, मग आमच्या काकूही सकाळी लवकरच देवळाच्या सभामंडपात सतरंजी टाकायच्या. काकू सेविका. गाणी झाली, खाऊ वाटला, रजिस्टर भरलं की दुपार त्यांची. गोधडी शिवायच्या, नाहीतर सरळ आडव्या व्हायच्या. मानधन फार तुटपुंजं होतं, त्याचं कौतुक मला करायचं नाही. पण ती दुपार होती म्हणून दुसऱ्या दिवशी वीस पोरांपुढे त्यांचा आवाज चढत नसे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही मुलांच्या सोयीनं. पुढे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. पोरं जिथे, शाळा तिथे. 1975 साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हळूहळू देशभर पोचली.

आता काकूंची सून, म्हणजे आमच्या वहिनी, सेविका आहेत. कांद्याच्या वावरात कामगारांच्या चाळी झाल्यात. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, सगळीकडची माणसं. आई दिवसपाळीला, बाप नाइट करून झोपलेला. पोराला अंगणवाडीत सोडणार कोण? बरेचदा वहिनीच जाऊन आणतात. घरपोच आहारासाठी ओळख पटवायला आईचा चेहरा मोबाइलवर लागतो, आणि आई सापडते ती अंधार पडल्यावर. मग स्वतःची भाकरी तव्यावर टाकायच्या वेळी वहिनी चाळीच्या जिन्यात मोबाइल धरून उभ्या: ''ताई, जरा डोळे मिचकावा.'' सर्व्हर अडकतो. पुन्हा उद्या.

वेळेची लवचिकता गेलेली नाही, ती सगळी सेविकेच्याच संध्याकाळच्या वेळेतून काढली जाते, याचा मला राग येतो. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या सेविका-मदतनीस 52 दिवस संपावर होत्या. मानधनवाढ, पेन्शन, ग्रॅच्युइटी या मागण्या रास्तच. त्यांत संध्याकाळच्या या फेऱ्यांचीही भरपाई असावी.

वहिनींनी बैठकीत विचारलं, ''रात्री चाळीत जावं लागलं तर दुसऱ्या दिवशी तासभर उशिरा आलं तर चालेल का? तोवर मदतनीस मुलांना बघेल.''

''वरून तसा आदेश नाही,'' एवढंच उत्तर मिळालं. वहिनींनी आता आपली मागणी अर्जात लिहून दिलीय.