कडू कारीट

विरार स्टेशनाच्या पूर्वेला मनवेलपाड्यात शिरले, की 'पाडा' आता नावापुरताच उरला आहे हे ध्यानी येते. भाताची खाचरे गेली, इमारती आल्या. जीवदानीचा डोंगर मात्र गच्चीवरून अजून दिसतो. तरी आश्विन सरत आला, की भाजीवालीच्या पाटीत झेंडूशेजारी हिरवी कारिटे येऊन बसतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचे, 'गोविंदा' म्हणायचे आणि कडू रस जिभेला लावायचा, ही कोकणपट्टीची जुनी चाल. कारीट म्हणजे नरकासुर!

ऋतू पालटताना अशा रीती दूरच्या आयर्लंडातही असत. हिवाळ्याच्या तोंडाशी, ३१ ऑक्टोबरच्या रात्री, भुतेखेते दूर राहावीत म्हणून तेथील लोक सलगम कोरून आत दिवा ठेवीत. आणि तेच लोक २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या रात्री, दार नुसते लोटून ठेवीत. घरची गेलेली माणसे शेकोटीशी ऊब घ्यायला यावीत म्हणून! भय आणि माया एकाच उंबऱ्यावर. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून ठेवलेला आपला यमदीप तरी दुसरे काय सांगतो?

गेल्या वर्षी वडील गेले. त्या दिवाळीत रीतीप्रमाणे घरी फराळ करायचा नव्हता. ही अंधश्रद्धा मोडावी, असे मी म्हणत होतो. तोच शेजारचे डबे येऊ लागले. खालच्या मजल्यावरच्या आजी तर मुलासाठी कारीटही घेऊन आल्या. "सर, यंदा आईंना कढईपुढे बसवू नका हो," म्हणाल्या. रीतीचा अर्थ मला तेव्हा कळला.

चतुर्दशीच्या पहाटे मुलाने गॅलरीतल्या तुळशीपाशी कारीट फोडले. औक्षणाची वेळ आली, तशी आई तबक सुनेच्या हाती देऊन आत वळली.

"माझा हात नको रे आता."

मी तबक पुन्हा तिच्यापुढे धरले. "आई, नातवाला तुझाच हात हवा."

तिने ओवाळले. हात इतका कापत होता, की कुंकू मुलाच्या भुवईवर लागले. त्याने ते दिवसभर पुसले नाही.

फराळाची ती रीत आमच्या घरी राहील. विधवेचा हात टाळणारी मात्र त्या कारिटाबरोबरच गेली.