मोहेंजोदडोची कांस्यमूर्ती

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील मोहेंजोदडोची ‘नर्तकी’ जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची असली, तरी १९२६ साली उत्खननात सापडलेल्या या कांस्यमूर्तीपुढे पाहणारा थबकतो. कमरेवर टेकलेला उजवा हात, खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला डावा हात आणि किंचित उचललेली हनुवटी यांतून प्रकटणारा आत्मविश्वास सुमारे साडेचार हजार वर्षांनंतरही ओसरलेला नाही. ती मधूच्छिष्ट पद्धतीने, म्हणजे मेणाच्या आकृतीवर मातीचा लेप देऊन, आचेने मेण वितळवून आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतून घडवली गेली. साचा शेवटी फोडावाच लागत असल्याने अशी प्रत्येक मूर्ती एकमेव ठरते. सिंधू लिपीचे सर्वमान्य वाचन अद्याप झालेले नसताना, त्या नगरातील अनाम ओतकाऱ्याच्या प्रतिभेची याहून बोलकी साक्ष क्वचितच सापडेल.